केरबाचा पहिला घास

रविकिरण शेडवरून घरी आला की मार्था त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नसे. न्हाणीपाशी बादली भरलेली, दगडावर साबणाची वडी, दोरीवर जुनी लुंगी. कपडे तिथंच उतरवायचे, दोनदा साबण लावायचा आणि मग आत यायचं, असा तिचा कायदा होता. एवढं करूनही वास जात नसे. कोंबड्यांच्या घाणीचा तो डोळ्यांत झोंबणारा वास नखांत, कानांमागे, भुवयांत घर करून बसला होता. भोकरच्या बसमध्ये शेजारचा माणूस आधी खिडकी उघडायचा, मग जागा बदलायचा. घरात धाकटी कृपा नाक चिमटीत धरून म्हणायची, "पप्पा आले, कोंबडी आली." मार्था तिला दटावायची आणि स्वतः मात्र पदर नाकाला लावूनच भाकरी वाढायची.

वास आला तर येवो, नोकरी होती. त्या घरात ही काही लहान गोष्ट नव्हती. रविकिरणनं आजवर जितकी कामं धरली तितकी सोडली होती. भोकरला सिमेंटच्या दुकानात हमाली केली. मुकादमानं आईवरून शिवी दिली, तर पोतं रस्त्यात टाकून घरी आला. नांदेडला एका हॉटेलात भांडी घासली. गिऱ्हाईकानं उष्टं टाकलेलं दही मालकाला परत पातेल्यात ओतताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गेलाच नाही. विष्णुपुरीला पोरांच्या एका वसतिगृहावर राखणीला राहिला. तिथं राखणदारालाच संडास धुवायला लावतात म्हणून पळून आला. त्याला घाण सोसत नाही, आणि गरिबाच्या वाट्याला घाणीखेरीज दुसरं काही येत नाही, तेव्हा अशा माणसाचं व्हायचं कसं? मार्था चिडली की म्हणायची, "तुमचं नाक लई मोठं. नाकानंच भाकर खा आता."

शेवटी ख्रिस्ती मंडळीचे पाळक अमृतराव मधे पडले. माणसं कामाला लावून द्यायची, हे अमृतरावांचं मोठं काम. जुन्या स्कूटरवरून ते भोकरच्या दुकानदारांकडे, गिरणीवाल्यांकडे, शेडवाल्यांकडे फिरायचे आणि सांगायचे, "आमचा माणूस पीत नाही, चोरत नाही, न सांगता घरी राहत नाही. माझा शब्द." मालकांना हे पटायचं. तांबरवाडी गावातल्या मंडळीच्या चार गल्ल्यांतली कितीतरी घरं ह्या शब्दावर चालत होती. पण शब्द एकट्यावर नसतो. एकानं काम सोडलं की तो मालक मंडळीतला दुसरा माणूस घेत नसे, म्हणून एकाच्या नोकरीवर सगळ्यांचा डोळा असायचा. रविकिरणला अमरनाथशेटच्या कुक्कुटपालनाच्या शेडवर सोडताना अमृतराव स्कूटरवर बसल्या बसल्या म्हणाले होते, "भावा, ह्या वेळी तू पडलास तर एकटा पडणार नाहीस."

दर रविवारी त्यांचा उपदेश कुठूनही निघाला तरी कामावर येऊन थांबायचा. मालक बघतोय म्हणून राबणारे पुष्कळ असतात, ते म्हणायचे, मालकाची पाठ वळल्यावर राबतो तो खरा विश्वासणारा. मालकात धनी बघू नका, प्रभू बघा, आणि हाती येईल ते काम जीव ओतून करा. मंडळीच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात घाम पुसत बसलेली माणसं मान हलवायची. सगळ्यात जास्त मान हलायची ती पुढं सतरंजीवर बसलेल्या केरबाची. केरबा म्हणजे रविकिरणचा बाप. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, हातात काठी, पण आवाज खणखणीत. पोरगं वर्ष होत आलं तरी कामावर टिकून आहे, ह्याचा त्याला एवढा अभिमान की पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगायचा, "मव्हा रव्या शेडवर हाय. शेट त्याच्याबिगर हालत न्हाई."

हे खरंही होतं. रविकिरण मन लावून काम करायचा. कोंबड्यांखाली भाताचं तूस पसरायचा, खाद्याची भांडी भरायचा, पाण्याच्या नळ्या धुवायचा, आजारी कोंबडी बघताक्षणी ओळखून बाजूला काढायचा. शेडमध्ये रोज काही कोंबड्या मरतातच. ह्या मरीला मरतूक म्हणतात, आणि मालकापासून गड्यापर्यंत तिच्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. रोज मरे त्याला कोण रडे. मागच्या अंगाला खड्डा होता. मेलेल्या कोंबड्या त्यात टाकायच्या, वर चुना मारायचा, की झालं.

चैत्रात ऊन तापलं आणि मरतूक वाढली. एका दुपारी अमरनाथशेट गाडीतून उतरला. हा माळकरी माणूस, मांसाच्या भांड्याला शिवत नसे. शेडच्या आतही कधी जायचा नाही, दारात रुमाल धरून उभा राहायचा. खड्ड्याकडे निघालेली टोपली त्यानं हातानं थांबवली. म्हणाला, "टाकून कशाला देताव? ढाब्यावाल्याला सोलून साफ केलेला माल लागतो. हळद-मीठ चोळा, बर्फात घाला. आजपासून खड्डा बंद."

रविकिरणच्या सोबतीला तेव्हा पंचशीला होती. ती गावच्या बौद्धवाड्यातली, चाळिशीची, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं टोपलीतली एक कोंबडी उचलून पाहिली.

"शेट, ही मेलेली हाय."

"आगं, गरम हाय अजून. मेलेलं येगळं आन आत्ता गेलेलं येगळं."

पंचशीलानं सुरी खाली ठेवली, मूठभर गवत उपटलं आणि हात पुसले. "आमच्या आज्यानं गावाच्या तोंडावर सांगून हे सोडलं," ती म्हणाली. "म्या पोटासाठी परत हातात धरू?" मग रविकिरणकडं वळून म्हणाली, "तू काय करतूस रवी? तुमच्यातबी सोडलंच होतं की."

रविकिरण आपल्या पायांकडं बघत राहिला. "मह्यामागं पाळकसाहेबाची जबान हाय."

"मग सोल," पंचशीला म्हणाली आणि डब्याची पिशवी काखेत मारून चालू लागली.

पुढच्या रविवारी अमृतरावांनी नाव न घेता तिचा दाखला दिला. काही लोक रागाच्या भरात ताटाला लाथ मारतात आणि मग रानोमाळ धसकटं वेचत फिरतात, असं ते म्हणाले. पंचशीला खरोखरच धसकटं वेचायला जाऊ लागली होती. म्हणून बायका हसल्या, केरबाही हसला. रविकिरणला हसू आलं नाही, पण तो सोमवारी कामावर गेला.

जिवंत कोंबडी कापली की हातात फडफडते, रक्त उडतं, पायाची नखं लागतात. मेलेली तसं काही करत नाही. ती नुसती पडून राहते. मान कापली तरी रक्त वाहत नाही. ते आतच गोठून मांस काळपट झालेलं असतं. पोट फुगलेलं, चिरलं की आतून कोंडलेली हवा तोंडावर येते. पहिल्या दिवशी रविकिरण शेडमागं जाऊन ओकला. दुसऱ्या दिवशीही ओकला. नंतर ओकारी आली नाही, आणि एक दिवस तेच हात कडेच्या हौदात बुचकळून तो भाकरी खाऊ लागला. माणूस कशालाही सरावतो, ही त्याची सगळ्यात किळसवाणी सवय. काम करायचंच तर नीट करावं, हे अंगवळणी पडलेलं. त्यामुळं त्याची सोललेली कोंबडी ढाब्यावाले आवडीनं घेऊ लागले. शेट म्हणाला, "हात लई साफ हाय तुहा." ते कौतुक ऐकून रविकिरणला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची शिसारी आली.

घरी त्यानं सांगितलं नाही. कोंबडी खायचा कंटाळा आला, एवढंच म्हणाला. मार्थानं त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्या ताटात चटणी वाढली.

मे महिन्यात मंडळीचा वर्धापनदिन असे. तांबरवाडीत तो नाताळाहून मोठा. केरबाच्या बापानं, हरिबानं, ह्याच दिवसांत नदीच्या डोहात बाप्तिस्मा घेतला होता. त्याआधी गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढायचं काम हरिबाचं, आणि मोबदला म्हणून त्याच ढोराचं मांस. पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या अंगानं तो घरी गेला, मांस शिजवायचं मडकं उचललं आणि पाटलाच्या वाड्यासमोर आपटून फोडलं. त्या उन्हाळ्यात त्याला गावानं पाणी भरू दिलं नाही, मारलं, काम दिलं नाही, पण हरिबा फिरला नाही. म्हणून वर्धापनदिनाच्या जेवणाला, ज्याला मंडळीत प्रीतिभोजन म्हणतात, पहिलं ताट हरिबाच्या घरातल्या वडील माणसाला. त्यानं उभं राहून हरिबाचे शब्द म्हणायचे, खाली बसून पहिला घास घ्यायचा, आणि मगच बाकीच्या पंगतीनं हात लावायचा. केरबा वर्षभर ह्या घासाची वाट बघायचा.

आदल्या दिवशी, शनिवारी, दुपार व्हायच्या आत वीज गेली. पंखे थांबले. जनरेटर होता, पण त्यात डिझेल घालायला शेटचा हात कधी पुढं आला नव्हता. रविकिरणनं गोणपाटं भिजवून चारी बाजूंनी बांधली, पाठीवरच्या पंपानं पाणी मारलं, पत्र्यावर पाचोळा टाकून तो भिजवला. पत्रा इतका तापला होता की पाण्याची वाफ होऊन आतच कोंडू लागली. कोंबड्यांनी पंख पसरले, चोची वासल्या. हजारो गळे एका ठेक्यात धापा टाकत होते. मग एकेका कोपऱ्यातला तो आवाज थांबत गेला. रविकिरण त्यांना पायानं हलवून उठवत पळत राहिला, पण उठणाऱ्या थोड्या आणि बसणाऱ्या जास्त.

वीज आली तेव्हा सगळं शेड पांढऱ्या ढिगाऱ्यांनी भरलं होतं. माशा कुठून आल्या देव जाणे. शेट दारात आला, रुमाल नाकाला, आणि नजरेनं ढिगारे मोजत राहिला. मग म्हणाला, "ढाब्यावाले एवढा माल घ्यायचे न्हाईत. उद्या तुमच्या मंदिरात जेवण हाय ना? पाळकसाहेबांनी कोंबड्या मागितल्यात मला. चांगल्या बघून सोल, टप भरून बर्फात घाल. बाकीच्या गाड खड्ड्यात."

"शेट, जेवणाला जित्या पाठवू की," रविकिरण म्हणाला.

"जिता माल कंपनीचा हाय, पिल्लं तिचीच. मोजून जातो. मव्हा न्हाई, तुहा बी न्हाई."

"पर शेट, मंदिरातलं जेवण हाय."

"म्हणूनच देऊन राहिलो. फुकट देऊन राहिलो." शेट गाडीकडं वळला. "आन तुला काय, तुह्या हातचं कळत न्हाई कुणाला. लिंबू लाव बरं."

रविकिरणनं सोलल्या. दुसरं काय करणार होता? एकेक कोंबडी उचलताना त्याला वाटत होतं की ही आपण घेणार नाही, पुढची घेणार नाही, आणि प्रत्येक वेळी हात आपोआप चालत होता, नेहमीसारखा साफ. हळद, मीठ, लिंबू. टप भरला. संध्याकाळी उतरत्या उन्हात तो तडक पाळकांच्या घरी गेला.

अमृतराव अंगणात बनियनवर बसून खळीनं पताका चिकटवत होते. "सलाम, पाळकसाहेब," रविकिरण म्हणाला.

"सलाम, ये. ती दोरी धर जरा. ताणून."

दोरी धरून उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं. अमृतराव ऐकत होते, पण हात थांबले नव्हते. लाल कागद, खळ, दोरी. निळा कागद, खळ, दोरी. सांगून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाला बोललास?"

"न्हाई."

"बरं केलंस." त्यांनी बोटांवरची खळ बनियनला पुसली. "हे बघ रविकिरण. शेटनी दुसरं शेड काढलंय. आपली पाच-सहा पोरं तिथं लागतील. आनंदराजचं नाव पहिलं आहे, त्याच्या घरी चूल पेटत नाही, तुला माहीत आहे. शेट उद्या स्वतः येणार आहेत, मी शाल आणून ठेवली आहे. आता मी जाऊन त्यांना काय सांगू?"

"पर ते मेलेलं हाय, साहेब."

"तू चाकर. तुला सांगितलं ते तू केलंस. त्याचा जाब तुझ्याकडे नाही, मालकाकडे आहे. आणि प्रार्थना करून, उपकार मानून घेतलेलं अन्न अशुद्ध राहत नाही."

"पहिला घास आबाचा असतो."

अमृतरावांनी खळीची वाटी बाजूला सारली. मग हळूच, अगदी मायेनं म्हणाले, "केरबाआबांना आता कुठं दिसतं?"

रविकिरणला त्या मायेचीच किळस आली. शिवी दिली असती तर चाललं असतं. दोरीचं टोक खुंटीला बांधून तो निघाला, तेव्हा मागून आवाज आला, "उद्या साक्ष द्यायची आहे तुला. वर्ष टिकलास. मंडळीला ऐकू दे."

घरी बादली भरलेली होती. त्यानं दोनदा साबण लावला, मग तिसऱ्यांदा. त्या रात्रीच्या भाकरीआधीच त्यानं मार्थाला सांगितलं. तिनं पिठाचे हात झटकले, बाहेर खाटेवर बसलेल्या सासऱ्याकडं पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"गप बसायचं," ती म्हणाली. "एवढ्या वर्षात पहिल्यांदा गल्लीत मान वर करून राहिले म्या. बायका इचारतेत, मार्था, तुहा नवरा काय करतो? म्या सांगते. मव्हं ते काढून घेऊ नका."

"आन आबा?"

"मसाला असतो. शिजतं. कुणी मरत न्हाई." थोड्या वेळानं, पाठमोरी होऊन ती म्हणाली, "पोरीला मात्र द्यायचं न्हाई."

रविवारी मंदिर पताकांनी भरलं होतं. बाहेर कडुलिंबाखाली मोठं पातेलं चढलं होतं, आणि मसाल्याचा वास असा दरवळत होता की उपदेशाकडं पोरांचं लक्ष नव्हतं. अमरनाथशेट पांढऱ्याशुभ्र कपड्यात पुढच्या खुर्चीवर बसला होता. त्याला शाल मिळाली, हार मिळाला, टाळ्या मिळाल्या. अमृतराव मुंगीबद्दल बोलले, तिला हाकणारा कुणी नसतो तरी ती थांबत नाही, म्हणाले. मग त्यांनी रविकिरणला उभं केलं. "ह्याच्याबद्दल आपणच म्हणायचो, हा टिकायचा नाही. आज ह्यालाच विचारा."

रविकिरण उभा राहिला. पुढं सतरंजीवर बापाचा चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेनं वर झाला होता, उजळ, दात नसलेलं तोंड थोडं उघडं. "प्रभूनं काम दिलं," रविकिरण म्हणाला. "सांगितलं ते म्या केलं." आणि बसला. लोक आमेन म्हणाले. केरबानं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटलं.

पंगत बसली. पत्रावळ्या मांडल्या, भात आला. रश्श्याची बादली रविकिरणच्याच हातात दिली गेली, कारण आज त्याचा मान होता. त्याला मागं बायकांच्या पंगतीतून मार्थाचा आवाज ऐकू आला, "हिला ताप हाय, हिला कोरडा भात द्या." कृपा रडत होती. ताप कसला, सकाळी ती पताकांखाली नाचत होती. शेट खुर्चीवरच होता. "आपलं चालत न्हाई," असं हसून सांगत पाण्याचा पेला तेवढा घेऊन बसला होता.

केरबाच्या पत्रावळीत रविकिरणनं स्वतः वाढलं. मोठे तुकडे बघून वाढले. दुसरं वाढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. शेजारी अमृतराव बसले होते. बादली त्यांच्याकडं वळली तशी त्यांनी पत्रावळीवर आडवा पंजा धरला. "मला नको. आज पथ्य आहे. वरणभात सांगितलाय घरून."

रविकिरण त्या पंज्याकडं बघत राहिला. नखाच्या कडेला कालच्या लाल कागदाचा रंग होता. शेट खाणार नव्हता, पाळक खाणार नव्हते, कृपा खाणार नव्हती, मार्था नुसती वाढत फिरणार होती आणि त्याच्या स्वतःच्या हातात बादली होती. ज्याला ज्याला ठाऊक होतं त्यानं त्यानं आपलं तोंड वाचवलं होतं. उरले ते राबून, उपाशी पोटी, विश्वासानं बसलेले सगळे.

केरबा काठीवर रेलून उठला. पंगत शांत झाली. दर वर्षीचेच शब्द त्यानं दर वर्षीच्याच आवाजात म्हटले. "मह्या बापानं मडकं फोडलं आन सांगितलं, आजपासून मह्या घरात मेलेलं शिजायचं न्हाई. उपाशी मरू, पर मेलेलं खायचं न्हाई."

"आमेन," पंगत म्हणाली.

केरबा खाली बसला. हातानं भात चाचपला, तुकडा सापडला, त्याला रस्सा माखून घेतला. घास त्यानं तोंडाकडं उचलला. रविकिरणनं बादली खाली ठेवली आणि बापाचं मनगट धरलं.

"खाऊ नका, आबा."

"का रं? मीठ ऱ्हायलं का?"

"मेलेलं हाय."

"कोन मेलं?"

"कोंबड्या. कापायच्या आधीच मेल्या हुत्या."

जवळ बसलेल्यांनी पत्रावळीकडं नेलेले हात मागं घेतले. अमृतराव घाईनं उठले. "ऊन लागलंय ह्याला. रविकिरण, चल, आत चल. मंडळी, बसा, प्रार्थना झालेली आहे." शेट खुर्चीवरून म्हणाला, "पाळकसाहेब, हाच का तुमचा माणूस?"

"थांबा," केरबा म्हणाला. घास अजून त्याच्या बोटांत होता आणि मनगट पोराच्या हातात. "तुला काय ठावं, मेलेल्या हुत्या म्हून?"

"म्याच सोलल्या."

"कवा?"

"काल."

"काल सोलल्यास. आन सकाळधरनं गप हुतास."

"हाव."

"आन मह्या ताटात वाढलं कुनी?"

म्हाताऱ्यानं मनगट सोडवून घेतलं. मग चाचपत पोराचा तळहात शोधला, घास त्यात ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. "लई मन लावून काम केलंस," तो म्हणाला. "धर. हे तुहं हाय."

तो उठला. मार्था धावत पाण्याचा तांब्या घेऊन आली. केरबानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि म्हणाला, "साबन आन." पंगतीतली काही माणसं उठली. काही बसून राहिली. एकमेकांकडं बघत, तुकडे उलटेपालटे करत. मागच्या ओळीतल्या काहींनी मान खाली घालून खाल्लं, कारण पोरं केव्हापासून भुकेली होती आणि घरी शिजवलेलं काही नव्हतं. रविकिरणची मूठ मिटलेलीच होती. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि त्याला तो पुसावासाही वाटला नाही.

सोमवारी सकाळी अमृतरावांची स्कूटर शेडच्या रस्त्यानं गेली. मागं आनंदराज बसला होता, धुतलेला सदरा घालून, मांडीवर डबा. पाळकांनी रविकिरणच्या घराकडं पाहिलं नाही. आनंदराजनं पाहिलं आणि लगेच मान वळवली. त्याला दोष कुणी द्यावा? त्याच्या घरी चूल पेटणार होती.

मार्थानं भांडी आदळली. थोड्या वेळानं पंचशीला खांद्यावर पोतं टाकून दारावरून निघाली. ती थांबली. "धसकटं येचायला येतूस का?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. रविकिरण उठला आणि तिच्यामागं गेला.

दिवसभर तो उन्हात वाकून होता. ढेकळं, धसकटं, पायाला टोचणारे बुडखे. मुकादम कुणी नव्हता, तरी तो बायकांच्या पुढं ओळ धरून चालला होता. कामाची तेवढी सवय लागली होती खरी. अंगाला माती लागली, घामाचं मीठ फुटलं. शेडचा वारासुद्धा त्या रानात येत नव्हता.

दिवस मावळताना तो घरी आला. न्हाणीपाशी बादली भरलेली होती. मार्थानं ती सवयीनं भरली होती की मुद्दाम, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं माती धुतली, दोनदा साबण लावला, लुंगी नेसली आणि उंबऱ्याकडं आला. केरबा दारात खाट टाकून बसला होता. कालपासून तो पोराशी बोलला नव्हता. रविकिरण जवळून जाऊ लागला तसं म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली, मान वर करून हवा हुंगली.

"अजून येतुया," केरबा म्हणाला.

रविकिरण परत फिरला आणि दगडावरचा साबण उचलला.